बांधकामाआधीचा बॉम्ब-जोखीम अहवाल: बडोद्यात बसून काही महिने वापरल्यावर

अलकापुरीतल्या आमच्या ऑफिसात इंग्लंडमधल्या इमारतींच्या पायाचं डिझाइन होतं. तिथे पायलिंगच्या, म्हणजे पायासाठी जमिनीत खोल खांब (पाइल्स) घालण्याच्या आधी, दुसऱ्या महायुद्धातला न फुटलेला बॉम्ब जमिनीखाली असेल का हे तपासतात. त्यासाठी खास सल्लागार कंपन्या अहवाल करून देतात. बरेच महिने ते माझ्या हाताखालून जातायत. बडोद्यात असं काम करणारे आपले आणखीही लोक आहेत, त्यांच्यासाठी लिहितेय.

जर्मन बॉम्बपैकी साधारण 10 टक्के फुटले नाहीत, असं तिथे धरून चालतात. पण चांगला अहवाल किती बॉम्ब पडले एवढ्यावर थांबत नाही. इथे एखादा न फुटता जमिनीत शिरला असता तर कुणाच्या लक्षात आलं असतं का, हे तो शोधतो. 50 किलोच्या बॉम्बचा व्यास जेमतेम 20 सेंटीमीटर. राहत्या घराच्या अंगणात तेवढं भोक सकाळी दिसणारच. विटांच्या ढिगाऱ्यात, चिखलात, रेल्वे यार्डाच्या गवतात ते कोण बघायला जातंय?

पूर्व लंडनच्या एका प्लॉटच्या अहवालाला लंडन काउंटी कौन्सिलचा युद्धकाळातला नकाशा जोडला होता. हाताने रंगवलेला. काळा म्हणजे पूर्ण उद्ध्वस्त, जांभळा म्हणजे दुरुस्तीपलीकडे, पिवळा म्हणजे किरकोळ नुकसान. आमचा बहुतेक प्लॉट पिवळा, एक कोपरा काळा. जोखीम त्या कोपऱ्यातच जास्त धरली होती. दुसऱ्या बाजूला युद्धानंतर तळघर खणलेलं, म्हणून तेवढ्या खोलीपर्यंत बॉम्ब नाही असं मानलं. मॅग्नेटोमीटर, म्हणजे जमिनीतलं लोखंड ओळखणारं यंत्र, बसवलेला शंकू जमिनीत दाबून तपासणी झाली ती फक्त कोपऱ्यातल्या पाइल्सच्या जागी. पैसे वाचले, आणि जिथे काळजी घ्यायची तिथे ती घेतली गेली. युद्धकाळात रात्री पहाऱ्यावर असलेल्या हवाई हल्ल्याच्या वॉर्डन लोकांनी कुठे काय पडलं ते लिहून ठेवलं, म्हणून आज पायलिंगच्या यंत्रावरच्या माणसाचा जीव जपता येतो. मला याचं फार मोल वाटतं.

आता तक्रार. एका कंपनीच्या प्रत्येक अहवालात जोखीम ‘मध्यम ते जास्त’च. निम्मी पानं हवाई हल्ल्यांच्या इतिहासाची, दर वेळी तीच. शेवटी शिफारस त्यांच्याच सर्व्हेची. आमच्या सीनियरांना सगळे काका म्हणतात. ते वैतागून म्हणाले, “अगं, 1946 चा हवाई फोटो लावलाय, पण त्यात काय दिसतंय यावर एक ओळ नाही!” असा अहवाल परत पाठवावा. जुन्या फोटोवरून आणि नुकसानीच्या नकाशावरून निष्कर्ष कसा काढला ते लिहून मागावं.

मॅग्नेटोमीटरकडूनही अवास्तव अपेक्षा नको. त्याला लोखंड कळतं, बॉम्ब नाही. जुन्या पायातल्या सळया किंवा शीट पाइल्स (जमिनीत ठोकलेले लोखंडी पत्रे) जवळ असल्या की रीडिंग बिघडतं, आणि भरावात तर वरून केलेला सर्व्हे फारसा कामाचा नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी पाळावी. पुष्कळ जण पायलिंगच्या तोंडावर हा अहवाल मागवतात, तोवर माती तपासणीचे बोअर मारून झालेले असतात. ड्रिलसुद्धा बॉम्बवर आदळू शकतं. 1 डिसेंबर 2021 ला म्युनिकमध्ये रेल्वेच्या कामावर ड्रिलिंग करताना 250 किलोचा बॉम्ब फुटला, चार जण जखमी झाले. म्हणून बोअरिंगची ऑर्डर निघायच्या आधीच अहवाल मागवा. मागवताना साइट प्लॅनबरोबर बोअर आणि पाइल्सची खोलीही कळवा, कारण जोखीम खोलीनुसार बदलते.