‘१९७४ चं ओरिजिनल सिको फाइव्ह’ : ११,८५० रुपये गेले

घड्याळाचे ११,५०० आणि कुरियरचे ३५०. सगळे आगाऊ, यूपीआयने. विकणाऱ्याने ‘६११९ मशीन, शंभर टक्के ओरिजिनल’ असं लिहून दिलं होतं. (६११९ हा घड्याळाच्या आतल्या यंत्राचा नंबर.)

आमच्या घड्याळवाल्या काकांनी मागचं झाकण उघडलं तर आत ७००९, म्हणजे दुसरंच मशीन. डायलवर २१ ज्वेल्स (मशीनमधले बारीक खडे) छापलेले, मशीन १७ ज्वेल्सचं! डायल नव्याने रंगवलेली, तिचे मागचे पाय कापून गोंदाने चिकटवलेली. ‘दोन हजारांच्या वर रुपया देऊ नका,’ काका म्हणाले.

जीव जळतो तो एका गोष्टीने. विकणाऱ्याने पाठवलेल्या व्हिडिओत तो चावी (घड्याळाच्या बाजूची फिरकी) बाहेर ओढून, फिरवून तारीख बदलतोय. ६११९ ला चावी आत दाबावी लागते. बाबांकडे हेच मशीन होतं, ते चावी दाबून तारीख बदलताना मी लहानपणापासून पाहिलंय. आणि तरीही! पण व्हिडिओ आला रात्री अकराला, सोबत ‘दुसरं गिऱ्हाईक पैसे टाकतंय’ हा मेसेज. अशा वेळी माणूस डायल बघतो, विकणाऱ्याची बोटं नाही. झाकणावर ६११९ खरंच कोरलेलं होतं, त्याचा फोटो मी मागवून घेतला होता. आणखी काय करायचं होतं?

जुनं घड्याळ घेताना झाकण उघडून आतल्या मशीनचा फोटो मागा. देत नसेल तर विषय संपला. सहाच्या आकड्याखाली डायलच्या काठावर बारीक अक्षरात मॉडेल नंबर असतो, रंगवलेल्या डायलवर तो बहुधा गायब असतो किंवा फाटकातुटका. झाकणावरच्या सहा आकडी नंबरात पहिला आकडा सालाचा शेवटचा अंक, दुसरा महिन्याचा. माझ्या ‘१९७४’ च्या झाकणावर पहिला आकडा १ आहे. पन्नास वर्षांचे काटे रात्रभर चमकत असतील तर तो रंग कालचा आहे.

पोलीस ठाण्यात गेलो. ‘जुनं घड्याळ घेतलंत, जुनं मिळालं, तक्रार कसली?’ खोटं सांगून पैसे घेणं ही भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ प्रमाणे फसवणूकच आहे, हे मी हवालदारांना सांगायचं? त्यांनी सायबरकडे पाठवलं. सायबरवाले म्हणाले, वस्तू मिळाली ना, मग ही दिवाणी बाब. बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. चॅट, व्हिडिओ, काकांची लेखी चिठ्ठी, सगळं घेऊन उभा होतो. एकानेही कागद हातात घेतला नाही. रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान होतो का?

त्या विकणाऱ्याचं विक्रीचं खातं अजून चालू आहे. आता हिरव्या डायलचं ‘१९७२ चं ओरिजिनल’ १२,००० ला लावलंय. व्हिडिओत चावी पुन्हा बाहेरच ओढलीय. घेऊ नका.