हडसन्स बे पॉइंट ब्लँकेट : जुनं घेताना काय बघावं

पांढऱ्या लोकरीवर हिरवा, लाल, पिवळा आणि गडद निळा असे चार पट्टे असलेलं हे ब्लँकेट ऊब आणि टिकाऊपणा या दोन्हींत किमतीला न्याय देतं. १६७० साली सुरू झालेल्या, कॅनडातल्या हडसन्स बे कंपनीची सगळी दुकानं जून २०२५ मध्ये बंद झाली, पट्ट्यांचे हक्क कॅनेडियन टायर या दुकानांच्या साखळीकडे गेले. त्यामुळे मूळ कंपनीचं ब्लँकेट आता जुन्या बाजारातच शोधावं लागतं.

काठाजवळच्या छोट्या निळ्या रेघा म्हणजे पॉइंट. 'जितक्या रेघा तितकी बीव्हरची (नदीत राहणाऱ्या केसाळ प्राण्याची) कातडी ही त्याची किंमत' असं विक्रेते सांगतात, ते चूक आहे. रेघा फक्त आकार सांगतात. घडी न उलगडताच आकार कळावा, एवढाच हेतू. अर्ध्या पॉइंटची रेघ निम्म्या लांबीची असते. साडेतीन पॉइंट म्हणजे ६३ बाय ८१ इंच. चार पॉइंट ७२ बाय ९० इंच, वजन साधारण २.७ किलो. भारतात नेणार असाल तर बॅगेतलं हे वजन आधीच धरा.

विणलेलं कापड पाण्यात कुटून आटवतात आणि मग वर लव उठवतात. त्यामुळे वीण झाकली जाते, वारा आत शिरत नाही आणि ओल्यातही ऊब टिकते. १७८० मध्ये इंग्लंडमधल्या विटनीहून ही ब्लँकेटं कॅनडात जेम्स बे या उपसागरावरच्या फोर्ट अल्बनी या व्यापारी ठाण्यावर आली, तेव्हा मूलनिवासी शिकाऱ्यांनी ती याच गुणांसाठी उचलली. या ब्लँकेटांचे कपोट, म्हणजे डोक्यावरून घेता येणारे लांब कोट, शिवले जात. मोबदल्यात बीव्हरची कातडी जायची, कारण बीव्हरच्या आतल्या मऊ केसांना बारीक काटे असतात आणि त्यांचा नमदा हॅटसाठी उत्तम जमतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रेशमी हॅट आल्या आणि ती मागणी घसरली. त्याआधीच पूर्वेकडच्या कित्येक नद्यांत बेसुमार शिकारीने बीव्हर उरले नव्हते. ब्लँकेट मात्र त्यानंतरही विकलं जात राहिलं.

घेण्यापूर्वी ते उजेडासमोर धरा. कसरीची भोकं बहुधा घडीच्या रेषेवर सापडतात. लव झडून टक्कल पडलं असेल तर ऊब कमी झाली समजा. दोन्ही बाजूंना पट्टे सारखेच दिसायला हवेत. रेघांवरून निघणारा आकार आणि टेपवरचा आकार जुळत नसेल, तर ते कापलेलं तरी आहे किंवा गरम पाण्यात धुऊन आणखी आटलेलं. आटलेलं पुन्हा सैल होत नाही. शिवलेल्या लेबलवर इंग्रजीबरोबर फ्रेंचही असेल तर ते बहुधा १९७० च्या दशकानंतरचं.

घरी मशीनमध्ये धुऊ नका, ड्रायक्लीनच करा. ब्लीच लोकर खाऊन टाकतं. कोकणातल्या किंवा मुंबईच्या पावसाळ्यात ते कपाटात मोकळं ठेवू नका, पूर्ण कोरडं करून घट्ट पिशवीत बंद करा. कसरीचा संशय आला तर ती पिशवी काही दिवस डीप फ्रीजरमध्ये ठेवा.

कॅनडातल्या मूलनिवासी घरात भेट म्हणून द्यायचं असेल तर आधी विचारा. काही कुटुंबांत ते समारंभात मानाने पांघरलं जातं, काहींना त्यातून वसाहतीचा आणि देवीच्या साथींचा काळ आठवतो.