बंदूक घरी, गलोल बोटीवर: हवाईयन स्लिंग तीन आठवडे वापरल्यानंतर

फ्लोरिडात माझ्याकडे मासे मारायची चांगली भाल्याची बंदूक आहे. बहामाजच्या पाण्यात ती वापरायला बंदी. घोडा दाबून सुटणारं काहीही तिथे चालत नाही. चालतं ते हवाईयन स्लिंग नाहीतर पोल स्पिअर (मागे रबराचा फास असलेला लांब हातभाला), तेही दम रोखून बुडी मारून. पाठीवर हवेची टाकी लावून गेलात तर गुन्हा. त्यामुळे फेब्रुवारीत मित्राच्या बोटीने बहामाजमधल्या एक्झुमा बेटांकडे जायचं ठरल्यावर मी ऑनलाइन एक स्लिंग मागवली.

वस्तू म्हणाल तर अगदीच साधी. मुठीत मावेल असा लाकडी ठोकळा, त्याला आरपार भोक, मागे जाड रबरी नळीचा फास. भोकातून पाच फुटी स्टीलची सळई घालायची, तिचं बूड रबरात धरून मागे ताणायचं आणि सोडायचं. म्हणजे गलोलच, दगडाऐवजी सळई. बायकोने खोकं उघडून विचारलं, "हे घरी नसतं का करता आलं?" आलं असतं, खरं तर.

पहिल्या दोन दिवसांत अकरा नेम धरले, अकराही फुकट. स्लिंगची खोड अशी की सळई सुटली की सुटली. तिला दोरी नसते. मासा निघून जातो आणि आपण उरलेल्या दमावर सळई शोधत बसतो. सात-आठ फुटांपलीकडे माझ्या हातून काही लागलं नाही. हळूहळू वाळूला पोट टेकवून, पाय न हलवता जवळ सरकायला शिकलो, तेव्हा कुठे जमू लागलं.

आणि मग या खेळण्याची खरी किंमत कळली. पाचव्या दिवशी एका कपारीत मस्त ग्रूपर मासा दिसला. बंदूक असती तर लांबूनच मारला असता. इथे जवळ जाणं भाग होतं, आणि जवळ गेल्यावर शेपटीच्या बुडाशी वरच्या बाजूला काळा डाग दिसला. नासाऊ ग्रूपर! १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर त्याला हात लावायचा नाही, कारण ते अंडी घालायला एका जागी गोळा होतात आणि त्या गर्दीत मारले की पुढचा हंगामच संपतो. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं, मी वर आलो.

शेवंडीच्या बाबतीत मात्र स्लिंग अडचणीत आणते. शेवंड तिथे ३१ मार्चपर्यंत धरता येते, पण अंडीवाली नाही आणि लहान नाही. भोसकल्यावर मोजून काय उपयोग? मी सळईच्या बोथट टोकाने तिला बिळातून हुसकायचो, शेपटीखाली नारिंगी गोळा नाही ना बघायचो, आकाराची शंका असली तर सोडून द्यायचो. इथेच विक्रेत्यावरचा राग. 'बहामाजसाठी पूर्ण संच' म्हणून स्लिंगबरोबर मापाची प्लॅस्टिकची पट्टी आली होती, ती फ्लोरिडाची निघाली! फ्लोरिडात कवच ३ इंचांहून मोठं लागतं, बहामाजमध्ये सव्वातीन इंच. मित्राने आपल्या पट्टीशी लावून पाहिली म्हणून कळलं. मेल पाठवली, उत्तर नाही.

दुसरी तक्रार गंजाची. खोक्यावर 'स्टेनलेस', पण टोकाजवळची मासा अडकवणारी पाकळी आठव्या दिवशी जाम झाली. रोज गोड्या पाण्याने धुवा म्हणतात. बोटीवर गोडं पाणी प्यायला जपून वापरतो, सळईला अंघोळ कुठून घालणार? थोडं तेल लावून भागवलं.

जागेचंही लक्षात ठेवा. न्यू प्रॉव्हिडन्स या बेटाच्या किनाऱ्यापासून एक मैलाच्या आत आणि बहुतेक इतर बेटांपासून २०० यार्डांच्या आत भाला, स्लिंग काही चालत नाही. म्हणजे नांगरावरून दिसणारा सुंदर, उथळ प्रवाळ नुसता बघायचा. एक्झुमा केज लँड अँड सी पार्क या राखीव क्षेत्रात तर १९८६पासून काहीच घ्यायचं नाही: मासा नाही, शंख नाही, रिकामा शिंपलाही नाही. तिथे आमच्या बोटीखाली कवचाची कड ओठासारखी पूर्ण पसरलेले, वाढ झालेले मोठे शंख आरामात सरपटत होते. स्लिंग बाकाखाली, आणि मी पाण्यात डोकं घालून मोजत बसलेलो. बावीसपर्यंत मोजले.

सगळ्यात छान जमली ती लायनफिशची शिकार. हा मूळचा इथला नाही, हिंदी-प्रशांत महासागरातून आलेला घुसखोर, स्थानिक माशांची पिल्लं फस्त करतो. त्याला मारल्याचं वाईट वाटत नाही. शिवाय तो हलत नाही, आपल्या काट्यांच्या भरवशावर तोऱ्यात उभा असतो, म्हणजे माझ्यासारख्या नेमबाजासाठी आदर्श. पण काटे विषारी, मेल्यावरही. हाताने न धरता जाड कात्रीने आधी सगळे छाटायचे. मित्राला एकदा बोटाला टोचला, तासभर सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून बसला होता, तोंडाने अखंड शिव्या. मांस पांढरं, नाजूक, लिंबू पिळून तव्यावर परतलं की झालं.

पाचपैकी साडेतीन तारे. घेणार असाल तर जास्तीची सळई आधीच मागवा आणि पट्टी वेगळी घ्या. माझी पहिली सळई तिसऱ्या दिवशी एका कपारीत गेली ती गेली. टोक दिसत होतं, हात पोचत नव्हता, आणि शेजारी मोरे ईल हा सापासारखा लांब मासा तोंड उघडून बसला होता.