नऊ महिने हेड माऊस: मान वळवून पंखा, दिवा, एसी

मानेच्या मणक्याला, सी५ (मानेतल्या वरून पाचव्या) पातळीवर, दुखापत होऊन सहा वर्षं झाली. खांदे हलतात, कोपर वाकतं, बोटं मात्र चालत नाहीत. गेले नऊ महिने डोक्याला लावायचा हेड माऊस वापरून मी माझ्या खोलीतली उपकरणं चालवतोय.

दिसायला ही बिनकाचांच्या चष्म्याची फ्रेम. आत जायरोस्कोप, म्हणजे मान किती वळली हे ओळखणारा सेन्सर. मान वळेल तसा समोरच्या टॅबलेटवर बाण सरकतो. ब्लूटूथवरून साधा माऊस म्हणूनच जोडला जातो, वेगळं ॲप लागत नाही. टॅबलेटवर होम असिस्टंट, म्हणजे घरातली उपकरणं चालवायचं सॉफ्टवेअर, उघडं असतं. त्यात भावाने मला चार मोठ्ठी बटणं करून दिली, कारण बारीक बटणावर बाण नेमका टेकवताना मान भरून येते.

ही हौस नाही. माझ्या शरीराला घाम जवळजवळ येतच नाही, मेंदूचा निरोप दुखापतीच्या खाली पोचत नाही. सोलापूरच्या मे महिन्यात पंखा थोडा वेळ बंद राहिला तरी अंग तापतं, डोकं ठणकायला लागतं. आवाजावर चालणारा स्पीकर घरात आहे. पण छातीचे स्नायू कमजोर, हळू बोललेलं त्याला ऐकू जात नाही आणि रात्री अडीचला जोर लावून बोललं की आई दचकून उठते. मेटा क्वेस्ट ३ सारखा डोळ्यांवर बांधायचा व्हीआर हेडसेट घे, असंही दोघातिघांनी सुचवलं. त्याचं वजन ५१५ ग्रॅम. माझा सगळा कारभार ज्या मानेवर चालतो, तिच्यावर अर्धा किलो ठेवायची माझी तयारी नाही.

क्लिकसाठी दातात धरायचं बटण सोबत मिळतं. दोन आठवड्यांत जबडा दुखायला लागला, शिवाय ते सारखं धुवावं लागायचं. मग अँड्रॉइडमधली बाण थांबला की आपोआप क्लिक होण्याची सोय चालू केली. आधी वेळ फार कमी ठेवला होता, नुसतं बघत राहिलो तरी दिवा विझायचा. आता एक सेकंद ठेवलाय आणि काम झालं की बाण कोपऱ्यातल्या रिकाम्या जागी नेऊन ठेवतो.

एसी आणि पंखा इन्फ्रारेड हबवरून, म्हणजे रिमोटसारखे इशारे पाठवणाऱ्या डबीवरून, चालतात. एसीचा रिमोट दर वेळी तापमान, मोड सगळंच पाठवतो, त्यामुळे तिथे घोळ होत नाही. पंख्याला मात्र चालू-बंदला एकच बटण. हबला पंखा फिरतोय की नाही हे कळत नाही, वर बघूनच ठरवावं लागतं. दिव्याला बोर्डामागे रिले (टॅबलेटवरून चालणारा छोटा स्विच) बसवून घेतला, म्हणजे घरच्यांना भिंतीवरचं बटणही वापरता येतं. स्मार्ट बल्ब आधी लावला होता, पण लाईट जाऊन आली की तो मध्यरात्री भगभगीत पेटायचा. राउटर आणि हब इन्व्हर्टरवर घ्याच, नाहीतर लाईट आल्यावरही काही मिनिटं काहीच हलत नाही.

बाण हळूहळू भरकटतो, तेव्हा मान एका कडेला पूर्ण नेऊन तो जागेवर आणतो. त्याची सवय झाली. खरी अडचण वेगळी आहे. फ्रेम घसरली तर ती मला स्वतःला सरळ करता येत नाही, हाक मारावीच लागते. रात्री कूस बदलून द्यायलाही आई दोनदा उठतेच. पण मधल्या वेळात पंखा पाचवरून तीनवर मी आणतो, आणि ती झोपलेली असते.