डायलिसिस सेंटर, बडोदा: सासऱ्यांसाठी जातो, ४ स्टार

आमच्या अप्पांचं (सासरे) डायलिसिस इथे चालू आहे, आठवड्यातून ३ वेळा, दर वेळी ४ तास, सकाळची शिफ्ट. आधी दुसरीकडे जायचो, नाव नाही लिहीत, तिथे मशीनवर उशिरा घ्यायचे आणि पुढचा पेशंट येऊन बसला की आपल्याला लवकर उतरवायचे, विचारलं तर म्हणे रिपोर्ट ठीक आहे ना मग काय.

इथे वेळ कापत नाहीत, माझ्या मते हाच सगळ्यात मोठा प्लस पॉइंट. इथला टेक्निशियन गुजराती आहे पण मराठी मस्त बोलतो, त्याने अप्पांना हिशोबच मांडून दाखवला. चांगली किडनी दिवसरात्र चालू असते, दोन्ही मिळून २४ तासांत साधारण १८० लिटर पाणी रक्तातून गाळतात, त्यातलं ९९ टक्के परत रक्तात घेतात आणि राहिलेलं दीड-दोन लिटर म्हणजे लघवी. मशीनला आठवड्याच्या १६८ तासांतले मिळतात फक्त १२, त्यातूनही कोणी अर्धा-अर्धा तास मारला तर काय राहिलं? अप्पा रिटायर्ड बँकवाले, आकडे ऐकले की लगेच पटतं त्यांना.

फिल्टर पण हातात देऊन दाखवला. आत केसासारख्या बारीक हजारो पोकळ नळ्या, नळीतून रक्त आणि बाहेरून उलट दिशेने डायलिसेटचं (रक्तातली घाण ओढून घेणारं द्रावण) पाणी. युरिया, क्रिएटिनिन (हा शरीरातला कचरा), जास्तीचं पोटॅशियम नळीच्या छिद्रांतून पलीकडे जातं, रक्तपेशी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन) मोठे म्हणून आतच राहतात. किडनीतल्या नेफ्रॉनमध्ये (म्हणजे बारीक गाळण्या, एकेका किडनीत १० लाखाच्या आसपास असतात!) गाळणं रक्ताच्या दाबाने होतं आणि कामाचं ते मागाहून परत उचललं जातं, फिल्टरला ती अक्कल कुठली, म्हणून डायलिसेटमध्ये सोडियम, बायकार्बोनेट वगैरे आधीच मापून घातलेलं असतं.

आणि हो, आरओ रूम (डायलिसिसचं पाणी शुद्ध करतात ती खोली) बघायला मागा, कुठल्याही सेंटरला जा. मिनिटाला अर्धा लिटर धरलं तरी ४ तासांत १२० लिटर पाणी पेशंटच्या रक्ताच्या एवढं जवळून जातं, त्यात क्लोरीन राहिलं तर रक्तपेशी फुटतात. इथे रोजच्या टेस्टचं रजिस्टर न कुरकुरता दाखवलं.

आत शिरल्या शिरल्या "काका, पहेला वजन". मग ड्राय वेटपेक्षा (अंगात जास्तीचं पाणी नसतानाचं वजन) किती वाढलंय ते बघून तेवढं पाणी काढायचं ठरवतात. रविवारी सेव-उसळ झाली असेल तर सोमवारी काटा बरोब्बर चुगली करतो, कारण मीठ गेलं की तहान आणि तहान लागली की पाणी, आणि अप्पांना लघवी आता जवळपास होतच नाही म्हणजे ते सगळं अंगातच. एकदम जास्त काढावं लागलं की बीपी पडतं, पायात गोळे येतात. सिस्टर रागावतात पण प्रेमाने. भेटायला येणारे नारळपाणी घेऊन येतात ते तर दारातच अडवतात, पोटॅशियममुळे. फिस्टुलाच्या (सुया टोचायला ऑपरेशन करून जोडलेली रक्तवाहिनी) हातावर बीपी घ्यायचं नाही हे पण इथे कोणाला सांगावं लागत नाही.

एक स्टार कापला तो बिलासाठी. हिमोग्लोबिनचं इंजेक्शन पॅकेजमध्ये नाही हे आधी सांगितलंच नव्हतं. ते लागतंच हो, कारण रक्त बनवायला लावणारं एरिथ्रोपोएटिन किडनीच तयार करते आणि मशीन ते करत नाही, मग पहिल्याच दिवशी सांगा ना. बाकी एसी फार गार, घरून चादर न्या, टीव्हीवर दिवसभर सिरियल चालू असते आणि नातेवाईकांना बसायला खुर्च्या कमी. सकाळची शिफ्ट पटकन भरते, हवी असेल तर आधीच नाव लावून ठेवा.