बाटिक सांगून प्रिंट विकलं, कापड उलटून बघा

गोधड्या शिवणाऱ्या सगळ्यांसाठी लिहितेय. मे महिन्यात आमच्या कुडाळात एका हॉलमध्ये चार दिवसांचं प्रदर्शन लागलं होतं, तिथे माझे ३३६० रुपये गेले आणि वर दोन महिन्यांची शिवण वाया गेली.

स्टॉलवाला म्हणाला, "ताई, मुंद्र्याचं हाताचं बाटिक आहे, ह्या शिरा बघा ना, मेण तडकल्याच्या." मुंद्रा म्हणजे गुजरातेतलं कच्छमधलं गाव, आणि बाटिक म्हणजे मेणाने नक्षी काढून मग रंगवलेलं कापड, मेण तडकतं तिथे रंग शिरून बारीक शिरा उमटतात. कापड दिसायला खरंच छान होतं. २८० रुपये मीटरने चार रंगांचं तीन-तीन मीटर घेतलं. सगळं घडी घालून टाचण्या मारलेलं, उलगडून दाखवा म्हटलं तर म्हणे घडी मोडते, आणि मी ऐकलं! बिल मागितलं तर बिलबुक संपलंय म्हणाला, पेमेंट यूपीआयने केलं.

पुण्याच्या एका ताईंची डबल बेडच्या गोधडीची ऑर्डर होती, लाल चौकोन आणि मध्ये पांढरं मांजरपाट. कापड आधी धुतलं नाही कारण तो म्हणाला होता कलर पक्का आहे. जुलैत गोधडी पूर्ण झाली, धुतली आणि बाहेर धो धो पाऊस म्हणून पडवीत दोरीवर टाकली. दोन दिवस ओलीच. तिसऱ्या दिवशी बघते तर प्रत्येक पांढऱ्या चौकोनात लाल ओघळ, धावदोऱ्याच्या टाक्यांत कलर साचलेला आणि खालचा काठ तर पूर्ण गुलाबी.

सासूबाईंनी उरलेला तुकडा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाल्या, "गो, ह्या मागच्यान पांढरा कित्याक?"

तेव्हा डोळे उघडले. खऱ्या बाटिकमध्ये मेण लावून अख्खं कापड रंगात बुडवतात, त्यामुळे उलट बाजूही जवळजवळ तेवढीच गडद असते. हे वरून छापलेलं होतं. मग टेप घेऊन बसले, एक वाकडी शीर होती, इंग्रजी वाय सारखी, ती दर ६४ सेंटिमीटरला जशीच्या तशी येत होती. मेण हाताने तडकतं तेव्हा दोन शिरा सारख्या पडतच नाहीत हो.

आता एक खरं सांगते, नुसता कलर गेला म्हणून कापड खोटं म्हणू नका. खऱ्या बाटिकचा गडद लाल, निळापण पहिल्या एक-दोन धुण्यांत थोडा सुटतो. मेण वितळू नये म्हणून त्याला रंग थंडच देतात आणि शेवटी उकळत्या पाण्यात मेण काढतात, पण सुटा राहिलेला कलर नीट धुतला नसेल तर तो आपल्याकडे येऊन निघतो. म्हणून घेतानाच पांढरा रुमाल ओला करून कोपऱ्यावर घासून बघायचा, आणि घरी आणल्यावर कापायच्या आधी प्रत्येक रंग वेगळ्या बादलीत, थंड पाण्यात, पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवायचा. मीठ, व्हिनेगर मी दोन्ही करून बघितलं, काही उपयोग झाला नाही. वाळवायचं सावलीत, उलटं करून. आणि आपल्याकडे पावसात गडद-पांढरं एकत्र शिवलेलं धुऊच नका, ओलं जितका वेळ राहील तितका कलर पसरतो. डाग पडलाच तर सुकू देऊ नका. मी नंतर मोठ्या पिंपात गरम पाणी आणि साबण घालून पाच वेळा पाणी बदललं, डाग फिके झाले पण गेले नाहीत.

त्याचा फोन बंद. यूपीआयवर भलत्याच माणसाचं नाव. ग्राहक हेल्पलाइन १९१५ ला फोन केला तर पहिला प्रश्न बिलाचा आणि दुकानाच्या पत्त्याचा, आणि माझ्याकडे दोन्ही नाही. पुण्याच्या ताईंचा ॲडव्हान्स परत केला, त्या समजुतीच्या होत्या म्हणून बरं, पण मला फोन करताना रडू येत होतं.

ज्यांनी मे महिन्यात त्या हॉलमधून असं कापड घेतलंय आणि अजून शिवलं नाहीये, त्यांनी आजच एक तुकडा भिजवून बघा.