बाळ झाल्यावर कुठला हप्ता हलवायचा? होम लोन, पर्सनल की सोनं गहाण

मुलगी झाली तेव्हा माझ्या डोक्यात खर्च म्हणजे डायपर एवढंच होतं. मग न्हाणवायला येणारी बाई, डिंकाचे लाडू, लशी, बारसं, बायकोने जॉब सोडलेला आणि त्यात तोंडावर चवथ (गणेश चतुर्थी), सगळं एकदम आलं आणि महिन्याला चारेक हजार कमी पडायला लागले. लोन दोन. फोंड्यातल्या फ्लॅटचे २५ लाख बाकी, २० वर्षं, ९ टक्के. आणि पर्सनलचे ३ लाख, १४ टक्के, ३ वर्षं बाकी.

बँकेत गेलो तर पहिला सल्ला, होम लोनची मुदत वाढवून घ्या. ऐकायला बरं वाटतं. पण घरी येऊन कॅल्क्युलेटरवर टाकलं तर २० ची २५ वर्षं केल्यावर हप्ता २२,४९३ वरून २०,९८० होतो, म्हणजे सुटतात दीड हजार, आणि व्याज जास्त जातं जवळपास ९ लाख! मुलगी नोकरीला लागली तरी आपला हप्ता चालूच.

त्यापेक्षा आधी आपला व्याजदर बघा. २०२५ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते तो दर, ६.५० वरून ५.२५ टक्क्यांवर आला. ऑक्टोबर २०१९ नंतर बँकेकडून घेतलेलं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या व्याजाचं, होम लोन बँकेबाहेरच्या एखाद्या ठरलेल्या दराला (बेंचमार्क), बहुतेक रेपोलाच, जोडलेलं असतं, त्यामुळे दर उतरायला हवा. गंमत अशी की दर उतरला की बँक सहसा हप्ता तोच ठेवते आणि मुदत कमी करते, आपल्याला कळतपण नाही. तिथे अर्ज द्यायचा की मुदत आहे तीच ठेवा, हप्ता कमी करा. पूर्ण सव्वा टक्का मिळाला तर माझ्या आकड्यात हप्ता २०,५२४, म्हणजे दोन हजाराच्या आसपास सुटतात आणि एक वर्षपण वाढत नाही. हाउसिंग फायनान्स कंपनीचं लोन असेल तर मात्र हे गृहीत धरू नका, विचारून घ्या.

आता पर्सनल. ३ ची ५ वर्षं केली तर १०,२५३ चा हप्ता ६,९८० होतो. सव्वातीन हजार सुटले, जास्तीचं व्याज ५० हजाराच्या आत. होम लोनच्या ९ लाखांसमोर हे काहीच नाही. कटकट एवढीच की बऱ्याचदा नवीन लोन काढून जुनं बंद करावं लागतं, मग प्रोसेसिंग फी आणि जुनं मुदतीआधी बंद करण्याचा फोरक्लोजर चार्ज, दोन्ही मिळून किती ते आधी लिहून घ्या, नाहीतर सुटलेले पैसे तिथेच जातात.

क्रेडिट कार्डाची बाकी असेल तर वरचं सगळं नंतर. महिन्याला ३ ते पावणेचार टक्के व्याज म्हणजे मिनिमम भरत राहणं हा पर्यायच नाही. तिथे सोन्याचं लोन खरंच बरं पडतं, सासूबाईंनी तोंड वाकडं केलं तरी. फक्त मुद्दल शेवटी एकदम भरायची स्कीम असते त्यात फसू नका, वर्ष कधी संपतं कळत नाही आणि बांगड्या लिलावात. पगार चालू असेल तरच जा.

हप्ते काही महिने थांबवणं? २०२० मध्ये मार्च ते ऑगस्ट मोरेटोरियम घेतलेल्यांना विचारा, हप्ता थांबला तरी व्याज थांबलं नव्हतं. आणि रिस्ट्रक्चर, म्हणजे अडचणीत लोनच्या अटीच बदलून घेणं, केलं की ते सिबिलमध्ये दिसतं, पुढचं लोन घेताना नडतं. हप्ता बाउन्सच होणार असेल तर घ्या, नुसती ओढाताण असेल तर नको.

मी होम लोनचा हप्ता कमी करून घेतला आणि पर्सनलची मुदत वाढवली, दोन्ही मिळून पाच हजारांच्या वर सुटले. दोन हजाराचीच गरज असेल तर पर्सनलला हात लावू नका. बायको परत कामाला लागली की होम लोनमध्ये जादा भरणार, फ्लोटिंगला त्याचा दंड नसतो.

आणि अर्ज दोन प्रतीत द्या, एकावर शिक्का मारून घ्या. माझा पहिला अर्ज काउंटरवरच कुठेतरी गेला आणि त्या महिन्यात जुनाच हप्ता कापला.